कराड ते पुणे, अप्पांच्या पायासाठी: हायपरबेरिक ऑक्सिजनचे सहा आठवडे

अप्पांच्या डाव्या पायाची मधुमेहाची जखम चार महिने भरेना, संसर्ग हाडापर्यंत गेला. सर्जन म्हणाले, ड्रेसिंग आणि औषधं चालूच ठेवू, जोडीला हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, देऊन बघू. ३० बैठका, सोमवार ते शुक्रवार. कराडहून एसटीने जाऊन-येऊन करू, असं माझं गणित. दोन दिवसांत अप्पांच्या पायाला सूज आली आणि आम्ही धनकवडीला आत्याकडे पथारी टाकली. राहायची सोय आधी करा. बैठक दीड-दोन तासांची असते, पण तपासण्या धरून अर्धा दिवस जातो.

पहिल्याच दिवशी परत पाठवलं, कारण खोबरेल! अप्पा सत्तर वर्षं सकाळी डोक्याला तेल चोपडतात. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर भडका उडायला वेळ लागत नाही, म्हणून तेल, व्हॅसलीन, अत्तर, मोबाईल, घड्याळ, कानाचं मशीन, सगळं बाहेर. कपडेही त्यांनी दिलेले सुती. दुसऱ्या दिवशी तेल नव्हतं, पण बंडीच्या खिशातून चुन्याची डबी निघाली. टेक्निशियन हसून म्हणाला, "काका, हीसुद्धा इथेच ठेवा. आणि खरं तर कायमचीच ठेवा, तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात."

आमचं चेंबर एका माणसाचं, पारदर्शक नळकांडं. अप्पांना आडवं करून आत सरकवलं, दार लागलं आणि दाब चढू लागला. नेहमीच्या हवेच्या २.४ पट, म्हणजे पाण्याखाली साधारण १४ मीटरवर असतो तेवढा. या दाबाने रक्तात जास्त ऑक्सिजन विरघळतो आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेपर्यंत पोचतो. दाब चढताना उकडतं, उतरताना गारठतं.

खरी परीक्षा कानांची. घाटातून गाडी उतरताना दडे बसतात तसंच, पण जास्त. इंटरकॉमवरून सारखं, "काका, आवंढा गिळा, जांभई द्या." अप्पा मानी, दुखलं तरी बोलेनात. कपाळावरची आठी बघून मीच काच वाजवली, मग दाब थांबवला. रुग्णाला बजावून सांगा: दुखलं की लगेच हात वर करायचा. सर्दी असेल तर बैठक टाळा. दाब उतरताना श्वास रोखायचा नाही. मधे मधे मास्कमधून साधी हवा देतात, तो बिघाड नव्हे. ऑक्सिजन जास्त होऊन झटका येऊ नये म्हणून घेतलेली विश्रांती.

उपाशीपोटी जाऊ नका. आत साखर उतरते. एकदा अप्पांची १०२ निघाली, तर दूध-बिस्किटं देऊन, पुन्हा मोजूनच आत घेतलं. फुफ्फुसाचा जुना आजार, कानाचं ऑपरेशन, केमोथेरपी झाली असेल तर आधीच सांगा. बंद जागेची भीती असेल तर तेही. विम्याची मंजुरी लेखी घ्या. आमच्या कंपनीने तोंडी होकार देऊन नंतर हात वर केले.

"तरुण व्हा" म्हणून हेच विकणाऱ्या जाहिरातींच्या नादी मी तरी लागणार नाही. अप्पांची जखम भरत आली आहे, पण त्यात रोजचं ड्रेसिंग, इन्सुलिन आणि पायावर भार न देणं यांचाही वाटा आहे.

विसाव्या बैठकीनंतर अप्पांना स्वारगेटवर गाडीची पाटी दिसेना. उलट पेपर बिनचष्म्याचा वाचू लागले, आणि आत्याला तो मोठ्याने वाचून दाखवू लागले. डॉक्टर म्हणाले, नजर तात्पुरती बदलते, काही आठवड्यांत पूर्ववत होते. तोवर नवा चष्मा करू नका. आम्ही केला होता.