डबा रिकामा परत यायचा नाही

डिसेंबर लागला की मला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली थंडी आठवते आणि थंडी आठवली की आमच्या शाळेचं गॅदरिंग आठवतं. २४ तारखेला साने गुरुजींची जयंती, २५ ला नाताळ, मधे फक्त एक रात्र, म्हणून आमच्याकडे दोन्ही मिळून २४ च्या संध्याकाळीच व्हायचं. वर्गात अर्धी पोरं रेल्वेवाल्यांची, ख्रिश्चन घरंही बरीच, त्यामुळे कोणाचा सण कोणता असं कधी कोणी वेगळं काढलं नाही.

आमच्या मराठीच्या बाई दरवर्षी आधी गुरुजींबद्दल सांगायच्या. जन्म कोकणातला, पालगडचा, १८९९ चा, पण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवायला आले आणि होस्टेलच्या पोरांच्या खोल्या झाडून ठेवायचे, कपडे धुवून ठेवायचे, कुणाला न सांगता. मग लगेच त्या मायरा गावच्या बिशपची, संत निकोलसची गोष्ट, जो एका गरीब बापाच्या तीन पोरींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप घरात सोन्याच्या थैल्या टाकून जायचा, आणि ज्याच्यावरून पुढे आपला सांताक्लॉज आला. दोघांनी नाव न सांगता दिलं बरं का, असं म्हणून बाई थोडा वेळ गप्प बसायच्या. मला ते गप्प बसणं फार आवडायचं.

आता तो महिना म्हणजे सगळ्यांची नुसती पळापळ. उत्तरेकडे धुकं पडलं की गाड्या लेट, मग इकडे ड्युट्या लांबतात, कोणाचे पप्पा दोन दोन दिवस घरी नाही, ज्यांची शेती त्यांची कपाशीची शेवटची वेचणी, आया फराळात, बेकरीच्या भट्टीवर नानकटाई आणि केक भाजून घ्यायला ही लाईन, चांदण्या बनवायला दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या शोधायच्या, त्यात नाचाची प्रॅक्टिस. अशा गडबडीत माणूस आपलंच बघतो, त्यात त्याचा दोष नाही. पण बाईंचा एक नियम होता, पडदा उघडायच्या आधी डबे गेले पाहिजेत.

डबे म्हणजे ज्यांना ड्युटीमुळे येता येणार नाही त्यांचे. केबिनमधले, गेटवरचे, शेडमधले, रेल्वे दवाखान्यातल्या सिस्टर. दुपारी शाळेच्या मागे काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, भरताची ती लांब हिरवी वांगी, बामणोदकडची मिळाली तर फारच छान. मग साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, वरून कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे. वास असा सुटायचा की प्रॅक्टिसवाली पोरं स्टेज सोडून तिकडेच. भरीत, पुऱ्या, दोन करंज्या, एक केकचा तुकडा, एवढा डबा. प्रत्येक पोराला एक घर किंवा एक गेट वाटून दिलेलं असायचं.

मी सातवीत होतो तेव्हा नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतो. माझ्याकडे गेटवाल्या काकांचा डबा होता. मी तो विंगेत ठेवला, आईचं घोंगडं अंगावर घेतलं, मेकअपला बसलो आणि विसरलो. सगळं संपलं, पाहुण्यांचा सत्कार चालू होता तेव्हा डबा दिसला, गारढोण झालेला. मी रडायलाच लागलो. बाई काही बोलल्या नाहीत, स्कार्फ घट्ट बांधला, पाहुण्यांना हेडसरांवर सोपवलं आणि मला म्हणाल्या चल. त्यांच्या घरी सुद्धा रात्रीच्या प्रार्थनेची तयारी पडलेली, ते मला नंतर कळलं. आम्ही रुळाच्या कडेनं चालत गेलो. काका हिरवा दिवा घेऊन एका लेट गाडीची वाट बघत उभे होते. इतकी थंडीमा कसाले उन्यात बाई, असं म्हणाले, आणि गाडी जाऊ दिली, मग डबा उघडून पहिली पुरी माझ्या हातावर ठेवली. जेवी ले पोऱ्या. त्या गार भरताची चव मला अजून आठवते, त्याच्यासारखं भरीत मी परत कधी खाल्लं नाही.

२६ ला सकाळी काका स्वतः डबा परत द्यायला शाळेत आले, सुट्टी असूनही बाई कागद आवरायला आल्या होत्या आणि मी मांडवाचे बांबू उचलायला. डब्यात ओल्या हरभऱ्याचे घाटे खच्चून भरलेले. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाहीच. बाईंनी तेव्हा सांगितलं की इंग्रजांकडे २६ तारखेला बॉक्सिंग डे म्हणतात, नाताळच्या दिवशी जे राबले त्यांना त्या दिवशी मालक भेटीच्या पेट्या द्यायचे. आणि इथे तर ज्याने राबून दिवस काढला तोच भरलेला डबा घेऊन आला, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते.

बाई आता नाहीत. आमचं माजी विद्यार्थ्यांचं मंडळ आहे, पुण्या-मुंबईचे जितके जमतील तितके २४ ला येतात, नाटक करायला आता पोरं मिळतात तशी. कुणी म्हणतं एवढा व्याप कशाला, पैसे गोळा करून पाठवून देऊ. पैसे पण पाठवतो आम्ही, पण डबा हातानं न्यायचा हे मी सोडू देत नाही, वाद घालतो वेळ आली तर. दारात दोन मिनिटं उभं राहून बोलणं झालं पाहिजे ना.

यंदा माझ्या वाट्याला दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या सिस्टरांचे सहा डबे आहेत. कार्यक्रम सातला आहे, मी साडेपाचलाच निघणार.