पस्तीस फूट

२०२१ च्या फेब्रुवारीतला शनिवार. ग्राहक गेले, शटर अर्धं खाली ओढलं आणि मी मुख्य शाखेतल्या १९ जणांना म्हटलं, "समजा, आत्ता कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ३५ फूट पाणी आहे. कोयनेतून विसर्ग वाढवलाय. करा सुरुवात."

कोणी जागचं हललं नाही. शाखाधिकारी कपाटाकडे गेले. पुरात काय करायचं त्या आराखड्याची फाईल खालच्या खणात होती, म्हणजे पाणी शिरलं तर सगळ्यात आधी तीच भिजणार होती.

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्मचारी प्रशिक्षण पाहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आमची गावभागाजवळची मुख्य शाखा बुडाली. सर्व्हर तळमजल्यावर होता, आणि त्याची बॅकअप प्रत त्याच टेबलाच्या खणात. विश्रामबाग शाखेसमोर लोक ओली पासबुकं घेऊन उभे राहायचे आणि त्यांचेच पैसे आम्ही त्यांना ११ दिवस देऊ शकलो नाही. रांगेतली एक आजी पासबुकाची चिकटलेली पानं उन्हात धरून एकेक सोडवत होती. ती मला अजून दिसते.

त्यानंतर व्यवसाय सातत्याचा, म्हणजे संकटातही कामकाज चालू ठेवायचा, आराखडा झाला. आयएसओ २२३०१ हे त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक. २०१२ साली आलं, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुधारलं. त्यात कर्मचाऱ्यांची क्षमता आणि जाणीव यांवर वेगळी कलमं आहेत आणि आराखड्याचा सराव करून पाहणंही बंधनकारक आहे. आम्ही काय केलं होतं? दोन तासांचं व्याख्यान, स्लाईड, हजेरीपटावर सह्या. प्रशिक्षण झालं, असं मीच अहवालात लिहिलं होतं.

सराव सुरू झाला. पहिलं काम सोनेतारणाची पाकिटं स्ट्राँगरूममधून काढून विश्रामबागेला हलवायची. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. आराखड्यात दोघांची नावं, मोबाईल नंबर, सगळं नीट टंकलेलं. मी पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तेवढ्यात दाराशी उभे असलेले शिपाईमामा बोलले. "मॅडम, रात्री पाणी चढलं तर ह्या दोन किल्ल्या हितं येणारच न्हाईत. एक सायेब सांगलवाडीचं, दुसरं हरिपूरचं."

खोलीत एकदम शांतता पसरली. पूर आला की सांगलवाडी तुटते आणि हरिपूर तर कृष्णा-वारणेच्या संगमावरच. हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. आराखडा लिहिणाऱ्या सल्लागारांना माहीत नव्हतं, ते पुण्याहून आले होते. पण आम्ही? तो कागद आमच्यापैकी आठ जणांच्या हातून गेला होता. मामांच्या हातात मात्र तो कधी दिलाच नव्हता. त्यांना प्रशिक्षणाला बोलवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, याची लाज मला त्या क्षणी वाटली.

मग एक ट्रे प्रत्यक्ष काढून मोजायला लावला. पाकिटाचं सील बघायचं, नंबर रजिस्टरशी पडताळायचा, दोघांनी सही करायची. एका ट्रेला १८ मिनिटं लागली. असे १४ ट्रे. म्हणजे चार तासांच्या वर, आणि आराखड्यात लिहिलेलं होतं 'अंदाजे एक तास'. हा आकडा कुठून आला ते कोणालाच सांगता आलं नाही.

पण त्या दिवसातली मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट वेगळीच होती. डेटा आणि रोख शिलकीची जबाबदारी आमच्या एका क्लार्क ताईंवर होती. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उठल्या, पण कामाला लागल्या नाहीत. "मॅडम, मी सूर्यवंशी प्लॉटला राहते. ४० फुटाला इशारा देतात तेव्हा आमच्या दारात पाणी असतं. त्या वेळी मी सासूबाईंना उचलून नेत असणार. इथं येईन असं खोटं कसं सांगू?"

त्यांनी आराखड्यावर सही केली होती. सही करताना हे बोलायची सोय आम्ही ठेवली नव्हती, कारण व्याख्यानात फक्त मी बोलत होते. मी सगळ्यांना विचारलं, पुरात कोणाकोणाचं स्वतःचं घर हलवावं लागतं? ७ हात वर आले. आमच्या कागदावर ते सातही जण शाखेत हजर होते.

साडेसहापर्यंत आम्ही जमिनीवर बसून यादी नव्याने लिहिली. ७ नावं पुराच्या कामातून काढली आणि त्यांच्या जागी मिरज-कुपवाडकडची माणसं घातली. ३५ फुटांना, म्हणजे इशारा पातळीच्या आधीच, किल्ल्यांचा ताबा विश्रामबागेतल्या दोघांकडे रजिस्टरवर सहीने द्यायचा ठरला. मे महिन्याच्या शेवटी मास्क लावून, निम्म्या माणसांत हेच पुन्हा केलं. तेव्हा एका ट्रेला ११ मिनिटं लागली.

२२ जुलैला घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस झाला. संध्याकाळी मामांचा फोन आला. "मॅडम, वरनं लई पाणी येतंय म्हणत्यात. अजून ३५ झालं न्हाई, पण ट्रे काढायचं काय?" मी शाखाधिकाऱ्यांना लावला, तर ते म्हणाले, किल्ल्यांचा ताबा आत्ताच देऊन झाला, गाडी दारात उभी आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत कृष्णा ५४ फुटांवर गेली. मुख्य शाखेत पुन्हा पाणी शिरलं, पण आतमध्ये टेबलंच तेवढी होती.

सोमवारी, २६ तारखेला, विश्रामबागेत काउंटर उघडला. दुपारी त्या ताईंचा फोन आला. सासूबाई मिरजेला नणंदेकडे पोचल्या होत्या. "आता येऊ का?" म्हणाल्या. यादीत तुमचं नाव नाही, मी सांगितलं. आधी घर बघा.