काळा दगड, मोरपंखी पदर आणि डोळ्याची तुलनेची खोड

नाशिकच्या काळारामाच्या देवळात भर दुपारी गेलात तर एक हिशेब करून बघा. एप्रिल-मेच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश पडतो. काळा दगड त्यातला दहावा हिस्सा परत फेकतो असं धरलं तरी १० हजार झाले. घरात आपण ट्यूबलाइटखाली वाचतो तिथे ३०० ते ५०० लक्स असतात, आणि पांढरा कागद त्यातले ८० टक्के परत फेकतो, म्हणजे फार तर ४००. थोडक्यात, उन्हातला काळा दगड घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा पंचवीस पट जास्त उजेड डोळ्यात पाठवतो. तरी दगड काळा दिसतो आणि कागद पांढरा.

कारण डोळा उजेड मोजत बसत नाही, शेजाऱ्याशी ताडून बघतो. दृष्टिपटलावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या ६० लाखांच्या आसपास शंकुपेशी असतात. मेंदूकडे जाणाऱ्या नसेत मात्र तंतू १० लाखांच्या घरातच. एवढी माहिती एवढ्या अरुंद वाटेने जाणार कशी? म्हणून दृष्टिपटलातच छाटणी होते. शेजारच्या पेशी एकमेकींचा आवाज दाबतात. एकसारख्या भागाची बातमी जवळजवळ पुढे जातच नाही, जाते ती फरकाची, कडेची. भिंत, आभाळ, साडीचं अंग यांचा मधला भाग मेंदू कडांवरून भरून काढतो.

हे नुसतं 'मेंदूची गंमत' म्हणून सोडून दिलं जातं. पण यातून पैसे वाचतात आणि शिल्पं दिसायला लागतात, म्हणून जरा तपशिलात.

आधी येवल्याची पैठणी. दुकानात गादीवर बसलं की समोर लाल, राणी, डाळिंबी अशा पाच-सहा साड्या एकावर एक उलगडतात आणि मग हिरवी येते. ती हिरवी झळकतेच. अर्धा मिनिट लालाकडे पाहिलं की लालाला प्रतिसाद देणारी यंत्रणा दमते, आणि पुढच्या हिरव्यात तिच्याकडून होणारी भेसळ कमी होते. दुकानदार हे शास्त्र म्हणून करतो असं नाही, पण क्रम त्याच्या हाताला बसलेला असतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक साडीआधी पांढऱ्या नव्हे, करड्या रंगाच्या काहीतरीवर वीस-तीस सेकंद नजर ठेवायची. जुना करडा रुमालही चालतो. पांढरा नको, कारण झगझगीत पांढऱ्याशेजारी सगळेच रंग काळवंडतात.

हीच भानगड पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात झाली होती. तिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं तयार होत आणि काळं सूत फिकं पडतं अशी तक्रार होती. १८२४ मध्ये रंगणीच्या विभागावर नेमलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं, तर सूत इतर ठिकाणच्या काळ्या सुताइतकंच चांगलं निघालं. दोष शेजारच्या निळ्याचा होता. निळ्याच्या बाजूला बसलेल्या काळ्यावर डोळा निळ्याच्या उलट रंगाची, म्हणजे नारिंगीकडे झुकणारी झाक चढवतो आणि काळा गंजका दिसतो. शेव्रलने यावर १८३९ मध्ये भलामोठा ग्रंथ काढला. निळ्या किंवा जांभळ्या अंगाला काळे काठ घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात असू द्या. दुकानात काठ अंगापासून वेगळा बघता येत नाही, पण दोन कोऱ्या कागदांनी अंग झाकून नुसता काठ बघता येतो.

हे झालं रुंद पट्ट्यांचं. बारीक धाग्यांत गणित उलटतं. धडधाकट डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणजे १ मीटरवरून ०.३ मिलिमीटर, ३ मीटरवरून ०.९ मिलिमीटर. पदरावरच्या मुनियेची, म्हणजे पोपटाची, किंवा मोराची काळी बारीक रेघ हातात धरल्यावर रंगाला उठाव देते. पण मंगल कार्यालयात समोरच्या रांगेतून बघणाऱ्याला ती रेघ दिसतच नाही, ती आतल्या रंगात मिसळते आणि पोपटी मळकट होतो. साडी हातात घेऊन निवडायची आणि मिरवायची तीन मीटरवरून, यातच अर्धी फसगत आहे. साडी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकून चार-पाच पावलं मागे सरका. मोठ्या बुट्टीचं काम लांबून टिकतं, नाजूक कामाला जवळचा माणूस लागतो.

धूपछाँव अंगात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. सपाट घडीत त्याचा एकच सरमिसळ रंग दिसतो, म्हणून ती घडीत बघूच नये. निऱ्या घालून हलवावी. जरीचंही तसंच. सोनेरी असा वेगळा रंग डोळ्याला नाहीच. पिवळसर तपकिरी पृष्ठभाग आणि हालचालीबरोबर सरकणारी चमक असं दोन्ही मिळालं की मेंदू 'धातू' म्हणतो. सगळीकडून सारखा मऊ उजेड असेल तर अस्सल जरही मोहरीच्या फेसासारखी दिसते. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून जरीबद्दल मत बनवण्यात म्हणून अर्थ नाही.

आणि ब्लाउजपीस. दुकानात तंतोतंत जुळतं, दारात आणलं की वेगळं. दोन कापडांवरची रसायनं निराळी असली तर ती एका दिव्याखाली डोळ्याच्या तिन्ही प्रकारच्या शंकुपेशींना सारखीच चाळवू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली नाही. म्हणून तीन उजेडांत ताडून बघायचं: सावलीतला दिवसाचा उजेड, पिवळसर एलईडी आणि पांढरी ट्यूब. दारात आल्यावर लगेच निकाल देऊ नका. आतल्या पिवळ्या दिव्यांतला पिवळेपणा मेंदूने तोवर वजा करून टाकलेला असतो; तो हिशेब बदलायला एक-दोन मिनिटं जातात, आणि तेवढ्यात सगळंच निळसर वाटतं.

आता नाशिकजवळची पांडवलेणी. इथून परतणाऱ्यांपैकी अर्धे म्हणतात, "आत काही नाहीये." ते खोटं बोलत नसतात. पायऱ्या चढून घामाघूम होऊन उन्हातून थेट आत शिरायचं, दोन मिनिटं बघायचं, मोबाईलचा टॉर्च मारायचा, सेल्फी काढायचा आणि उतरायचं. एवढ्यात खरंच काही दिसत नाही.

बाहेर १ लाख लक्स, आत मागच्या भिंतीशी शंभराच्याही खाली. म्हणजे फरक हजारपटीचा. बाहुली २ मिलिमीटरवरून ८ पर्यंत पूर्ण उघडली तरी उजेड सोळा पटच वाढतो. बाकीचं काम पेशींमधल्या रंगद्रव्याने करायचं असतं आणि ते उन्हात विरून गेलेलं असतं. शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत सावरतात, दंडपेशींना अर्धा तास लागतो. यावर करायचं ते असं. पायऱ्या चढताना गडद गॉगल घाला आणि तो लेण्याच्या आत गेल्यावरच काढा. आत दाराकडे पाठ करून निदान दहा मिनिटं बसा. बोला, पाणी प्या, पण मोबाईल उघडू नका. झगझगीत पडद्याकडे एकदा पाहिलं की सावरलेलं बरंचसं वाया जातं. भिंत बघताना नजरेच्या कडेला उघडं दार येत असेल तर तळहाताने ते झाका. दाराचा उजेड डोळ्यातल्या भिंगात विखुरतो आणि आतल्या अंधुक फरकांवर दुधाळ पडदा चढवतो. या एका युक्तीने जितका फरक पडतो तितका महागड्या टॉर्चने पडत नाही.

टॉर्च लावायचाच तर तो डोळ्याजवळ धरू नका. समोरून पडलेल्या उजेडाची सावली शिल्पाच्या पाठीमागे लपते, आणि सावली गेली की उठाव गेला. दुसऱ्याच्या हातात द्या, भिंतीला हात किंवा वस्तू न लावता, भिंतीशी दहा-पंधरा अंशांचा तिरका कोन करून वरच्या अंगाने.

वरच्याच अंगाने का, तर मेंदूने जन्मभर उजेड वरून येताना पाहिलाय. वरची कड उजळ आणि खालची गडद असेल तर तो 'फुगवटा' म्हणतो, उलट असेल तर 'खड्डा'. घरी आप्पेपात्राचा फोटो काढा, उजेड एकाच खिडकीतून फोटोच्या वरच्या बाजूने येईल असा. मग मोबाईल उलटा धरा. खड्ड्यांचे घुमट होतात. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की यातलं 'वर' आभाळावरून ठरत नाही, डोक्यावरून ठरतं. तुम्ही वाकून दोन पायांमधून उलटं बघितलं तर खरा उजेड कुठूनही येवो, मेंदू तुमच्या टाळूची बाजू 'वर' धरतो. (लेण्यात हा प्रयोग करताना आजूबाजूला कोण आहे ते आधी बघा.)

तिसऱ्या लेण्यात याचा नमुनाच आहे. ओसरीखाली तुळया खांद्यावर पेलणारे यक्ष बाहेरच्या बाजूला आहेत; त्यांच्यावर आभाळाचा उजेड वरून पडतो, म्हणून त्यांचे खांदे लगेच भरीव दिसतात. ओसरीच्या मागच्या भिंतीवरचं लाकडी तोरणासारखं कोरलेलं दार मात्र छताखाली आहे. तिथे दुपारी येतो तो बराचसा जमिनीवरून उसळलेला, खालचा उजेड. वेलबुट्टी त्यामुळे आत दबल्यासारखी वाटते. माणसांच्या आकृती सहसा उलटत नाहीत, कारण चेहरा बाहेर आलेलाच असतो ही मेंदूची समजूत उजेडाच्या समजुतीपेक्षाही हट्टी आहे. त्याच भिंतीवर गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे. खोदलेली अक्षरं प्रत्यक्षात खोल दिसतात, कारण दोन डोळ्यांची खोली आणि डोक्याची हालचाल मदतीला असते. फोटोत हे दोन्ही जातं आणि अक्षरं कधीकधी चक्क उठून बाहेर येतात. फोटो बिघडलेला नसतो. फोटोत खांबाची किंवा हाताची सावली येऊ द्या, म्हणजे उजेड कुठून आला ते बघणाऱ्याला कळतं. नाहीतर फोटो १८० अंशांत फिरवून बघा.

वेळ कोणती? ही लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो आणि दर्शनी भागावर थेट ऊन जवळजवळ येत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तो नाशिकच्या माथ्यावरून उत्तरेला सरकतो आणि उगवतोही पूर्वेच्या बराच उत्तरेला. सकाळचं तिरकं ऊन कोरीवकामाला घासून जातं ते तेव्हा. पुढे जूनमध्ये ढग येतात, म्हणजे हाती फार दिवस उरत नाहीत. उकाडा असतो हे खरंय. पण डिसेंबरच्या गुलाबी थंडीत जाऊन 'सपाट आहे' म्हणण्यापेक्षा बरं.

उतरल्यावर पायथ्याला फाळके स्मारक लागतं, म्हणून ओघात एक. सिनेमा हलताना दिसतो तो डोळ्यावर मागचं चित्र रेंगाळतं म्हणून, असं अजून ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसं झालं असतं तर चित्रांचा लगदा दिसला असता. १९१२ मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या आदल्याच वर्षी, मानसशास्त्रज्ञ वेर्टहायमर यांनी दोन स्थिर रेषा योग्य अंतराने उजळवून दाखवलं की हालचाल मेंदू स्वतः रचतो.

उरला गोदाघाट. इथली देवळं, पायऱ्या आणि धुकं जलरंगात रंगवण्याची नाशिकची परंपरा मोठी आहे आणि शिवाजी तुपे यांचं नाव त्यात सहज निघतं. अशा चित्रासमोर उभं राहताना एक आकडा उपयोगी पडतो. नजरेचा लख्ख भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. अर्ध्या शीटचं चित्र, म्हणजे १५ बाय २२ इंच, १ मीटरवरून बघताना एका वेळी साडेतीन सेंटिमीटरचं वर्तुळ स्पष्ट दिसतं. बाकी सगळं कडेच्या धूसर नजरेचं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि त्यांतून आपण 'चित्र बघितलं' असं म्हणतो. प्रत्येक कळस आणि प्रत्येक पायरी सारखीच रेखीव काढलेलं चित्र म्हणूनच थकवतं: कडेची नजर उडी कुठे मारायची ते ठरवूच शकत नाही. ओल्या कागदावर पाणी आणि पायरी एकमेकांत सोडून देणारा चित्रकार ते ठरवून देतो. मला विचाराल तर, चित्राखालची पाटी शेवटी वाचावी. नाव वाचलं की डोळा नावातल्या वस्तू शोधायला लागतो.

संध्याकाळी रामकुंडावर बसाल तर सूर्य मावळल्यावर भगव्या झेंड्याकडे आणि शेजारच्या निळ्या ताडपत्रीकडे आलटून पालटून बघा. दिवसा झेंडा जास्त उजळ असतो. उजेड उतरला की शंकुपेशींकडून कारभार हळूहळू दंडपेशींकडे जातो. त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही आणि निळसर हिरवा सगळ्यांत चांगला दिसतो. झेंडा काळपट होत जातो, ताडपत्री उजळते. हा बदल घाटावरच्या दिव्यांकडे पाठ असेल तरच जाणवतो. मोबाईलच्या फोटोत तो येत नाही, कॅमेऱ्याला दंडपेशी नसतात. तो रात्रीच्या झेंड्यालाही भगवाच ठेवतो. फोटो समोर ठेवून संध्याकाळ रंगवणाऱ्याने म्हणून भगव्यात अंबर (मातकट तपकिरी रंग) आणि थोडा निळा घालून तो जवळजवळ काळ्यापर्यंत उतरवायचा आणि पाण्यातला निळा फोटोत आहे त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवायचा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना झेंडा जरा जास्तच गडद वाटला पाहिजे.