कामाच्या वेळेतला व्यायाम
आज दुपारी ऑफिसातच योगवर्गाला गेले. रजा टाकावी लागली नाही; तेवढा वेळ नंतर भरून काढायचा, एवढंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. पण घर, प्रवास, मुलांचा अभ्यास सांभाळणाऱ्या बाईनं तो आणायचा कुठून? ऑफिस सुटल्यानंतरच्या वर्गाला अशा बायका कधीच थांबू शकत नाहीत. आज मात्र अकाउंट्समधल्या ताई पहिल्यांदा आल्या, किती खुलल्या होत्या! आणि साहेब स्वतः चटई घेऊन आले, हे फार बरं झालं. वरिष्ठच उठले की इतरांचा संकोच जातो. शिफ्टवाल्यांना मात्र ही सवलत अजून नाही. त्यांचं अंग तर आमच्याहून जास्त दुखतं. उद्याच एचआरशी बोलणार आहे.