रुमालाची जागा

एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकला की ती सीट आपली, हा कायदा कुठल्या पुस्तकात छापलेला नाही. तरी तो मोडणाऱ्याला अख्खी गाडी सुनावते. हाच कायदा व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात चालतो, हे मला आत्यामुळे कळलं.

आत्या डोंबिवलीची. बँकेतून निवृत्त होईपर्यंत लोकलने उभ्याने व्हीटी गाठलेली. त्यामुळे खुर्चीचं तिकीट आवाक्याबाहेर आणि उभं राहायचं तिकीट थोडक्या युरोंत, हे ऐकून तिने विचारलं, "उभं राहायचेही पैसे घेतात?" आणि लगेच, "चल."

त्या दिवशी सकाळीच आम्ही कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये पाय मोडून घेतले होते. तिथे ब्रॉयगेलच्या चित्रांचं दालन आहे. शेतकऱ्याच्या लग्नाच्या चित्रापाशी आत्या थबकली. दोन वाढपी चक्क बिजागरीवरून काढलेलं दार हातात धरून त्यावरून वाडगे आणताहेत. "म्हणजे परात कमी पडली," आत्या म्हणाली. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पंगतीतली नेमकी अडचण तिला ताबडतोब कळली. माझ्या कानातला ऑडिओ गाइड अजून चित्रकाराच्या जन्मगावाचा वाद घालत होता.

ऑपेराची इमारत बाहेरून बघताना लोकांच्या जिभेची आठवण ठेवावी. बांधकाम चालू असतानाच समोरचा रस्ता मीटरभर उंच झाला, इमारत खचल्यासारखी दिसू लागली आणि व्हिएन्नाकरांनी तिला 'बुडालेली पेटी' म्हणायला सुरुवात केली. टोमण्यांत पुणेच पुढे, हा माझा समज तिथे गळून पडला. दोघा वास्तुविशारदांपैकी व्हान डर न्यूलने 1868 मध्ये आत्महत्या केली आणि सिकार्ड्सबुर्ग त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आजारपणात गेला. 1869 मध्ये मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'ने पडदा उघडला, तेव्हा दोघेही नव्हते. बादशहा फ्रान्झ योसेफने म्हणे या प्रकाराचा असा धसका घेतला, की पुढे काहीही दाखवलं तरी तो एकच वाक्य बोलायचा : फार छान होतं, मला फार आनंद झाला. (हे वाक्य मी नातेवाइकांच्या कविता ऐकताना वापरून पाहिलं आहे. चालतं.) मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह जळून गेलं. आज आपण उभे राहतो ते 1955 मध्ये पुन्हा उघडलेलं.

उभ्यांच्या चारशेहून जास्त जागा. त्यातल्या सगळ्यांत मोक्याच्या तळमजल्यावर, मधल्या मानाच्या बॉक्सच्या खाली. वर बसलेल्यांना जे दिसतं तेच आपल्याला, किंमत मात्र कॉफी-केकएवढी. दार उघडताच सगळे पळाले, अगदी फलाटावर गाडी लागल्यासारखे. समोरच्या आजोबांनी गळ्यातला मफलर काढून कठड्याला गाठ मारली आणि ते निवांत कॉफी प्यायला निघून गेले. आत्याने ते पाहिलं. पुढच्या क्षणी पर्समधला फुलाफुलांचा रुमाल कठड्याला बांधला गेला होता. जरा वेळाने परत आलेल्या आजोबांनी त्या गाठीकडे बघून पसंतीची मान डोलावली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

पुच्चिनीचं संगीतनाटक 'टोस्का' होतं. इथली ही मांडणी 1958 पासून तशीच चालू आहे, म्हणजे आत्याच्या वयाला जवळची. तिसऱ्या अंकातल्या गाण्याला 2016 मध्ये इतक्या टाळ्या पडल्या, की नायकाचं काम करणाऱ्या गायक योनास काउफमानने ते पुन्हा म्हटलं. मग नायिका रंगमंचावर आलीच नाही, तेव्हा त्याने सुरातच गाऊन टाकलं की आपल्याकडे सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारी गायिका, नाही. हे मी आत्याला मध्यंतरात सांगितलं. "वन्समोर देताना पुढच्या पात्राला सांगून ठेवायला नको?" असं तिचं मत पडलं.

दुसऱ्या मध्यंतरानंतर पुढच्या रांगांतल्या काही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. माणसं जेवायला गेली असावीत. आत्या पाय बदलत होती, म्हणून मी हळूच म्हटलं, "तिकडे बसायचं का? कोणी काही म्हणणार नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विनातिकीट फर्स्ट क्लासमध्ये चढायला सांगत होतो.

"अरे, आपला रुमाल इकडे आहे ना."