ओढून बघितलंस ना?

आमच्या घरातून बाहेर पडायला दहा मिनिटं लागतात, त्यातली पाच कुलूप लावल्यानंतरची. मी कुलूप लावतो, ओढून बघतो, जिन्याच्या वळणापर्यंत उतरतो आणि परत वर जाऊन पुन्हा ओढतो. तोवर खाली पोचलेली आई हाक मारते, "नीट ओढून बघितलंस ना?" की तिसऱ्यांदा. दोनदा हिसका देऊन न हललेलं कुलूप तिसऱ्यांदा का उघडेल, हे मला आजवर कळलेलं नाही.

बरं, आत आहे तरी काय? जुना टीव्ही, आणि आईचं नाव घातलेली स्टीलची भांडी. ती विकताना चोराचीच पंचाईत व्हायची. चोराची भीती मला खरं तर फारशी नाहीच. भीती आहे ती नंतरच्या संध्याकाळची. पोलिसांचा पंचनामा तासाभरात उरकेल. सोसायटीतला दिवाळीपर्यंत चालेल. "कुलूप नीट लावलं नसेल हो त्यांनी!" हे एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून माझा एवढा खटाटोप.

एकदा हे लक्षात आलं आणि मला जिथेतिथे भीतीच दिसायला लागली. आहेराचं पाकीट भरण्यापूर्वी जुनी वही काढून 'त्यांनी किती घातले होते' ते बघणं, ही भीती. पास संपलाय हे गाडी सुटल्यावर आठवलं, त्या दिवशी लोकलच्या डब्यातला प्रत्येक काळा कोट मला तिकीट तपासनीसाचा वाटला. भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. पण पैशांपेक्षा चारचौघांत खाली उतरवतील याचीच धास्ती. एरवीचा माझा प्रामाणिकपणा त्यानंतर मला जरा संशयास्पद वाटू लागला आहे. आणि स्वयंपाकाच्या गॅसला तर मुळात वासच नसतो म्हणे. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे भीती सिलिंडरमध्ये भरूनच घरपोच येते.

हा शोध मी उत्साहाने आईला सांगितला. माणूस जे काही करतो ते भीतीपोटी करतो, वगैरे. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मग सकाळी साडेपाचला उठून तुझा डबा करते, तो कुणाला घाबरून?"

मी गप्प. दोन पोळ्या झाल्यावर तीच पुढे म्हणाली, "बाहेरचं खाऊन आजारी पडशील, म्हणून करते."

आता याला काय म्हणायचं? आपल्या भाषेनेही इथे हात वर केलेत. काळजी वाटते तीही काळजीच आणि काळजी घेतो तीही काळजीच. जीव धास्तावतो आणि माया करतो, दोन्हींना शब्द एकच. त्या डब्यातली भीती किती आणि माया किती, हे वेगळं काढायला गेलो तर पोळी गार होईल, एवढं मात्र खरं.

गेल्या वर्षी तिला घेऊन शनिशिंगणापूरला गेलो होतो. तिथल्या घरांना पूर्वापार चौकटी आहेत, पण कडीकुलूप लावायला दारं नाहीत. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतील, ही श्रद्धा. आपल्याकडे भीतीने कुलूप लागतं, तिथे भीतीनेच ते काढून ठेवलंय! २०११मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने या गावात बिनकुलपाची म्हणून शाखासुद्धा उघडली. देव स्वतःही चौथऱ्यावर, उघड्या आभाळाखाली. रात्री काही घरांच्या चौकटीला फळी टेकवतात, ती कुत्री आत शिरू नयेत म्हणून. कुत्र्यांना साडेसाती ठाऊक नसावी.

आम्ही गाडी लावली. आजूबाजूला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग होती, सगळ्यांच्या काचा वर. मी किल्लीचं बटण दाबलं आणि निघालो. दहा पावलं गेल्यावर आईने माझी बाही ओढली. चौथऱ्याच्या दिशेने एकदा बघून घेतलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"ओढून बघितलंस ना?"