बेडरूममधला सीओटू, नोंद चौथी: गच्चीवर २९० आलेच कसे?

महिनाभर मी बेडरूमच्या हवेतला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सेन्सरने मोजतोय; मागच्या नोंदीत दिलेला त्याचा रात्रीचा ग्राफ बाद धरा. रविवारी सकाळी सेन्सर पॉवर बँकेला जोडून गच्चीवर नेला. वारा छान होता, तरी आकडा २९० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग)! आज बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास असायलाच हवेत. २८० ही कारखानदारी सुरू होण्याआधीच्या जगाची हवा. म्हणजे महिनाभर मी सव्वाशे-दीडशेने कमी आकडे लिहीत होतो.

चूक माझीच. माझ्या सेन्सरमधलं, म्हणजे एससीडी४१ मधलं, ऑटो कॅलिब्रेशन (आकडे आपोआप जुळवून घेणं) आधीपासून चालू असतं आणि मी ते तसंच ठेवलं. आठवड्यातून एकदा तरी सेन्सरला मोकळी हवा मिळणार असं धरून ते दिसलेल्या सर्वांत कमी आकड्याला ४०० मानतं. आमच्या खोलीत डासांमुळे संध्याकाळपासून खिडक्या बंद, रात्री एसी, दिवसा दार लोटलेलं. मोकळी हवा येणार कुठून?

आता ऑटो बंद केलंय. सेन्सरच्या सेटिंगमध्ये उंची ५६० मीटर टाकली, कारण पुण्यात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६ टक्के कमी. मग गच्चीवरच वीस मिनिटं चालू ठेवून ४२५ वर हाताने कॅलिब्रेट केला. तेव्हा सेन्सरवर वाकू नका. उच्छ्वासात ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतात. नुसती स्क्रीन वाचायला गेलो तरी आकडा उडतो.

त्यानंतरची पहिली रात्र. खोली १० बाय १२ फूट, आम्ही दोघं आणि लेक, दार-खिडकी बंद, स्प्लिट एसी. अकराला ६१०, एकला १,९५०, सकाळी सहाला २,८२०. स्प्लिट एसी तीच हवा गार करून फिरवत राहतो, बाहेरची घेत नाही.

सहाला सगळे बाहेर आलो, दार लावून घेतलं. तासाभरात २,०३०. बाहेरचे ४२० वजा केले तर २,४०० चे १,६१० झाले; या दोघांच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग ०.४. म्हणजे तासाला खोलीच्या जेमतेम ०.४ पट हवा बदलते. ही चाचणी प्रत्येकाने आपल्या खोलीत करावीच, फुकट आहे.

दुसऱ्या रात्री खिडकी तीन बोटं उघडी, जाळी लावलेली. सकाळी १,१८०. आई म्हणाली, "खिडकी उघडी टाकून एसी लावतात का रे?" वीज जास्त जाणार हे खरं, पण मला हा व्यवहार मान्य आहे.

तब्येतीचं विचाराल तर २,८०० ने विषबाधा होत नाही. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५,००० आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने केलेल्या प्रयोगात २२ जणांची निर्णयक्षमता २,५०० ला बरीच घसरली होती, तर पाणबुडीवाल्यांवरच्या २०१८ च्या अभ्यासात १५,००० लाही फरक दिसला नाही. त्यामुळे सकाळच्या जड डोक्याचं खापर मी एकट्या सीओटूवर फोडत नाही. पण आकडा चढला म्हणजे आपण एकमेकांनी सोडलेला श्वास परत घेतोय, आणि घरात एकाला सर्दी झाली की तिघांना का होते हे मला त्यातून कळतं.

पुढचं काम पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचा, सेन्सर शेजारी बसवण्याचं. थंडीत पहाटे खाली पालापाचोळा जाळतात, तेव्हा ती तीन बोटं उघडी ठेवायची की मिटायची ते दोन्ही आकडे बघूनच ठरवेन.